कामाकुरात मुसफ्फाची जाहिरात

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चार नावं. तिसरं सुलक्षणाचं!

विजयकुमार सरांनी केबिनचं दार लावून घेतलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमच्या ऑफिसात दार दोनच कारणांनी लागतं — ऑडिट, नाहीतर कोणालातरी नारळ. "अनुपमा मॅडम, सेन्सिटिव्ह मॅटर आहे. लाँग वीकेंड होऊन जाऊ दे. बुधवारी, तीन तारखेला लेटर्स द्यायची. तोवर भिंतीलासुद्धा कळता कामा नये." मग गोपनीयतेच्या कागदावर सही. केली. अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, असल्या सह्या डोळे मिटून करते. नावं वाचली ती सही झाल्यावर. मूर्ख!

अकाउंट्सचं काम जानेवारीपासून हेड ऑफिसला जाणार, म्हणजे सुलक्षणा जाणार. एरवी जाणाऱ्या माणसाचा शेवटचा हिशेब तीच करते. या वेळी चौघांचाही मी करायचा. "ज्याचं लेटर त्याच्याच हातून करून घ्यायचं नाही, हा माझा नियम आहे," सर म्हणाले. माणूस तसा सभ्य आहे. गळासुद्धा सभ्यपणे कापतो.

बाहेर आले तर ही माझ्याच खुर्चीत बसून माझेच शेंगदाणे खात होती. "काय गं, काय दिलं सरांनी? बोनस?" "डोकेदुखी," मी म्हटलं. "बरं, जपानमध्ये छत्री लागेल का?"

हो, जपान! येत्या शुक्रवारी आम्ही दोघी कामाकुराला निघतोय. सोळा वर्षांची मैत्री आणि पाच वेळा रद्द झालेला बेत. एकदा माझ्या सासूबाई आल्या, एकदा तिच्या लेकाच्या, वेदांगच्या कांजिण्या, एकदा तिचा घटस्फोट, एकदा करोना, आणि एकदा तर हिने पासपोर्टच वॉशिंग मशीनमध्ये धुतला. शेवटी नॅशनल डेची जोडून सुट्टी बघून ऑगस्टमध्ये तिकिटं काढली. रिफंड नाही.

इथे आखातात तिचा व्हिसा कंपनीचा आणि वेदांगचा व्हिसा तिच्या व्हिसावर. मार्चमध्ये त्याची बारावीची बोर्डाची परीक्षा. नोकरी गेली की थोडी मुदत देतात, मग बॅगा भरा. पोराने भर बारावीत कुठे जायचं?

आणि हे मी कोणाला सांगायचं नाही. देवदत्तलासुद्धा नाही. तो म्हणतो, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बिचारा नवरा! सगळ्या ऑफिसचे पगार अकरा वर्षं माझ्या पोटात आहेत. म्हणून तर ही वही लागते. वहीने कसल्या कागदावर सही केलेली नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

देव आहे! आणि तो मुसफ्फात राहतो!

दुपारी डबा घेऊन खाली तळ्याकाठच्या बाकावर बसलो होतो. हवा आता कुठे माणसात आलीये. सुलक्षणा बोटं चाटत म्हणाली, "अगं, एक गंमत सांगायची राहिली. मला ऑफर आलीये. मुसफ्फातून." मुसफ्फा म्हणजे इथून तासाभरावरची कारखान्यांची वस्ती. फॅब्रिकेशनची कंपनी, तीनशे वेल्डर आणि फिटर, पेरोल आणि एचआर दोन्ही एकाच बाईने बघायचं. व्हिसा लगेच करून देणार. "पाचशे दिरहम जास्त देतायत. म्हणजे बारा हजार रुपये गं!" मंगळवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना.

मी डबा खाली ठेवला. "मग?"

"मग काय, नाही म्हणून टाकते. पहाटे साडेपाचला घरातून निघा, शेख झायेद रोडवर ट्रकच्या मागे जप करत बसा! इथे चालत तीन मिनिटं. आणि तुझी भरली वांगी कोण देणार मला, वेल्डर?"

"मुसफ्फा चांगलं आहे गं," मी म्हटलं.

"तू कधी गेलीयस?"

"नाही. ऐकलंय."

"काय ऐकलंयस?"

"पार्किंग मिळतं म्हणे."

ती इतकी हसली की ताक नाकात गेलं. हसू दे. माझं ठरलं आहे. सही मोडायची नाही, यादीचा ब्र काढायचा नाही, पण मंगळवारच्या आत या बाईला मुसफ्फाला धाडायचं. मी अकरा वर्षं माणसं कामाला लावतेय, हिला नाही लावणार?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सरांनी सुलक्षणाला आत बोलावलं. दार लावलं! अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. माझी पाचावर धारण — यांनी आधीच फोडलं की काय?

बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. "काय गं?" "काही नाही. इयर-एन्डचं नेहमीचं." जेवताना स्वतःचा वडा माझ्या डब्यात ठेवला. "तू खा." सुलक्षणा आणि वडा सोडणार! मी धरूनच चालले की हिला कळलं. पण संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तीन लिपस्टिकचे फोटो आले, यातली बुद्धासमोर कुठली बरी दिसेल. म्हणजे नाही कळलं. नोकरी गेलेली बाई लिपस्टिक निवडत नाही.

तिचा हिशेब केला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला तेव्हा रडायला आलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अर्धा दिवस ऑफिस, मग बॅग. दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळून. कामाकुराचं एक्सेल शीट केलंय, देवळं उघडायच्या-बंद व्हायच्या वेळांसकट. ईश्वरीने बघितलं आणि डोळे फिरवले — "मॉम, इट्स अ हॉलिडे, नॉट अ फायर ड्रिल." चौदा वर्षांची आहे, आईला फक्त इंग्रजीतून झापते. वेदांग चार दिवस आमच्याकडे राहणार. तो पुस्तकांची पेटी घेऊन आला आणि "मावशी, वाय-फाय पासवर्ड?" एवढंच बोलला. किती शहाणा मुलगा! त्याच्याकडे बघवत नाही मला.

शीटमध्ये एक कॉलम लपवला आहे: 'मु.' कुठे कोणता मुद्दा काढायचा ते. विमानात — पगार. बुद्धापाशी — मनाची शांती, लांबच्या रस्त्यावर मिळणारा एकांत. जेवताना — मुसफ्फातली केरळी हॉटेलं.

दुपारी तिचा फोन. "अनू, तू तुझा सीव्ही शेवटचा कधी लिहिलास?" हा काय प्रश्न! "मी इतरांचे वाचते. का?" "सहज. सगळ्यांनीच अपडेट ठेवावा म्हणते मी." मी लगेच संधी साधली, "तुझा तर ठेवच!" कधी नव्हे ते दोघी एकमेकींना सीव्ही लिहायला सांगत होतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर, विमानात

खिडकीची जागा मला दिली. सोळा वर्षांत तिने मला कशाचीच खिडकी दिलेली नाही. "बस गं, तू बघ ढग. तू कामात कधी वर बघितलंस?" आणि माझ्या गुडघ्यांवर स्वतःची शाल घातली. मी आजारी आहे की काय?

पगाराचा मुद्दा काढला. ती झोपली. खरंच झोपली! तोंड उघडं टाकून.

शनिवार, संध्याकाळ

पोचलो. दोन गाड्या बदलून कामाकुरा. छोटंसं स्टेशन, थंडी कडकडीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही उतरलो त्या लॉजच्या मालकीणबाईंनी गुडघ्यांवर बसून स्वागत केलं, तर सुलक्षणाने त्यांना वाकून नमस्कारच केला. पायांना हात लावून! त्या मागे सरकल्या, ही पुढे सरकली. अशा दोघी खोलीच्या टोकापर्यंत गेल्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

काय दिवस! कुठून सुरू करू?

मोठा बुद्ध. ब्राँझचा, उघड्यावर, डोक्यावर आभाळ. पूर्वी त्याच्याभोवती देऊळ होतं. ते वाऱ्यापाण्याने गेलं, पाचशेहून जास्त वर्षं हा असाच बसला आहे. ही पाटी मी मोठ्याने वाचून दाखवली. सुलक्षणा हात जोडून म्हणाली, "घर गेलं तरी हा बसून. याचा व्हिसा पक्का असणार." आणि खळखळून हसली. मी बॅगेत रुमाल शोधायचं नाटक केलं.

बाजूच्या भिंतीवर गवताच्या दोन प्रचंड चपला टांगल्या आहेत, माणसाएवढ्या. बुद्धाने उठून फेरफटका मारायचं ठरवलं तर असाव्यात म्हणून. मी ताबडतोब, "बघ! एवढा मोठा माणूससुद्धा लांब जायची तयारी ठेवून आहे." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "अनुपमा, तू याला पण मुसफ्फाला पाठवणार आहेस का?"

पन्नास येन दिले की बुद्धाच्या पोटात जाता येतं. पोकळ आहे! आत अंधार, भिंती गार, बोललं की आवाज घुमतो. आत आम्ही दोघीच होतो. मला वाटलं — इथे सांगून टाकावं. बुद्धाच्या पोटातलं बुद्धाच्या पोटात राहील. सही गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "सुलक्षणा, ऐक —" आणि त्याच क्षणी ती म्हणाली, "अनू, ऐक ना —"

"बोल."

"नाही, तू बोल."

"तू आधी."

"अगं तू सुरू केलंस!"

तेवढ्यात पिवळ्या टोप्यांतली चाळीस शाळकरी पोरं आत घुसली आणि बुद्धाचं पोट किलबिलाटाने भरून गेलं. बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगत होतीस? "काही नाही, बाथरूम कुठेय विचारत होते." मी म्हटलं, "मीही तेच." दोघी गुपचूप बाथरूमला जाऊन आलो. खरं तर दोघींनाही लागलं नव्हतं, निदान मला तरी.

जेवायला भातावर पांढरे बारीक शिरासु. मी शेवया समजून चमचा भरला. सुलक्षणा अलिबागची, ती एका नजरेत म्हणाली, "मासे आहेत ते, डोळे बघ!" मग माझा वाडगा ओढून दोन्ही संपवले आणि मी मेतकूट-भात खाल्ला. केरळी हॉटेलांचा मुद्दा इथे मांडला. तिने या वेळी मात्र नीट ऐकलं. "मग तिथलं ऑफिस कसं असेल गं? बायका असतील का?" मी न बघितलेल्या ऑफिसचं असं वर्णन केलं की मलाच तिथे अर्ज करावासा वाटला. खिडक्या! झाडं! साहेब कमी बोलणारा! माणसांची दुवा मिळणारं काम!

दुपारी झेनिआराई बेंतेनचं देऊळ. बोगद्यातून आत जायचं. गुहेत झरा आहे, त्या पाण्यात पैसे धुतले की वाढतात म्हणे. बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, समुद्र ओलांडून इकडे आली. इथे ती लक्ष्मीचं खातंही सांभाळते. ॲडिशनल चार्ज! लोक बांबूच्या टोपलीत नोटा धूत होते. सुलक्षणाने नोट काढलीच नाही. तिने पगाराचं कार्ड काढलं. "नोट कशाला? मूळच धुवू." धुण्यात ही पहिल्यापासून पटाईत. मग हात पुढे केला, "तुझं दे. तुझं आधी." माझं कार्ड तिने तीन वेळा धुतलं, ओंजळीने, बाळाला न्हाऊ घालावं तसं. स्वतःचं एकदाच. मी ते तिच्या हातून हिसकावून आणखी चार वेळा धुतलं. मागच्या आजोबांना वाटलं असेल, या बायांनी कार्डावर काहीतरी सांडलंय.

आणि मग उताराने परत येताना माझीच जीभ घसरली. मी परत मुसफ्फा काढलं. पगार, व्हिसा, वेदांगसाठी बरं. दिवसभरात सहाव्यांदा. ती थांबली.

"तुला मी नको झालेय का?"

"काहीतरीच काय!"

"मग बुधवारपासून चाललंय काय तुझं? जा, जा, जा! अकरा वर्षं एका बाकावर जेवलो आपण. मी जाणार म्हटल्यावर तू रडायला हवं होतंस. तू पार्किंगचं सांगतेस!"

खरं सांगता येत नाही आणि खोटं सुचत नाही, असं मूग गिळून उभं राहण्याची वेळ शत्रूवर येऊ नये. ती पुढे चालत गेली. लाल पानं पायांखाली, एवढी सुंदर वाट, आणि दोघींत दहा फुटांचं अंतर.

आता ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मीही. दोन दिवस राहिले.

सोमवार, १ डिसेंबर

आज सकाळी एक्सेल शीट बंद केलं. 'मु.'चा कॉलमही पुसला. म्हटलं, आज तिच्या मनासारखं. ती चहा ओतत एवढंच म्हणाली, "कुठे न्यायचं तिकडे ने." म्हणजे पूर्ण रागावलेली नाही. पूर्ण रागावली की इंग्रजीत बोलते.

तोकेइजीला गेलो. हे मी तिच्यासाठीच राखून ठेवलं होतं. इथे पूर्वी बायकांचा मठ होता. नवऱ्याला कंटाळलेली बाई पळून येऊन इथे ठरावीक वर्षं राहिली की तिला काडीमोड मिळायचा. आणि असं सांगतात की नवरा पाठलागावर असला, बाई दारात पकडली जाणार असली, तरी तिने नुसती आपली चप्पल दाराच्या आत भिरकावली तर ती आत आली असं धरायचे. सुटली!

सुलक्षणाने हे दोनदा वाचायला लावलं. मग कमरेवर हात. "आठ वर्षं आधी सांगायचंस ना! वकिलाची फी वाचली असती!"

आणि मला काही कळायच्या आत उजव्या पायातला बूट काढला आणि फेकला! पायऱ्यांवरून, दाराच्या आत! तो टप्पे खात एका पानं झाडणाऱ्या आजींच्या पायांशी जाऊन पडला. माझा जीव गेला. आजींनी झाडू टेकवला, बूट दोन्ही हातांनी उचलला, पायरीवर तोंड आतल्या बाजूला करून नीट ठेवला आणि सुलक्षणापुढे वाकल्या. न हसता. सुलक्षणा लंगडी घालत वर गेली आणि एका पायावर तोल सावरत तीही वाकली.

मग पायरीवर बसून इतकी हसली! बुटाची नाडी बांधत म्हणाली, "माझा दरवाजा तुझा फ्लॅट होता गं. आठ महिने वेदांगला तू जेवू घातलंस. मला व्हिसाचं काही कळत नव्हतं, तू माझ्याबरोबर रांगेत उभी राहिलीस. मी विसरलेली नाही."

"राहू दे ना आता."

"नाही राहू द्यायचं. काल मी उगाच बोलले. सॉरी."

मला रडू आलं. सरळ रडले, आजींसमोर. तिने माझं नाक स्वतःच्या स्कार्फने पुसलं. मला माझीच लाज वाटत होती. या बाईला बुधवारी मी काय देणार आहे!

मग तिनेच विचारलं. मी नाही, तिने! "अनू, खरं सांग. मुसफ्फाची नोकरी खरंच एवढी चांगली आहे, असं तुला वाटतं?"

"खरंच."

"माझ्यासाठी म्हणून नको सांगूस. तू असतीस तर गेली असतीस?"

"डोळे झाकून!" मी म्हटलं. "मी असते तर आत्ता, इथूनच मेल केला असता!"

"पहाटे उठून? तेवढं लांब?"

"गाडीत गाणी ऐकत! पेरोल आणि एचआर दोन्ही एका हातात — कोणाला मिळतं असं?"

ती उठली. "नक्की ना?" "नक्की!" मग स्टेशनच्या बाकावर बसून तिने फोनवर दोन अंगठ्यांनी टाइप केलं, भलं मोठं. मी मान लांब केली तर फोन छातीशी धरला. "पाठवलं," म्हणाली.

"काय लिहिलंस?"

"तू म्हणालीस तसंच केलंय. बाकी बुधवारी सांगेन. आत्ता काही विचारू नकोस, नजर लागते. इन्शाल्ला होईल सगळं."

झालं! झालं!! वेदांगची बारावी वाचली! मी तिला तिथेच मिठी मारली. दोन जपानी मुली गालात हसत पुढच्या डब्याकडे सरकल्या. लाल घेवड्याच्या पुरणाचे केक घेतले, आठ. सुलक्षणाने पाच खाल्ले. तीही इतकी मोकळी दिसत होती, जणू तिच्याच मानेवरचं ओझं उतरलं. वाटेत गाणं म्हणत होती. मला फार आवडते ही बाई, हे इथे लिहून ठेवते.

आणि गंमत म्हणजे सही मोडली नाही. एक अक्षर फोडलं नाही. अकरा वर्षांचं रेकॉर्ड शाबूत!

मंगळवार, २ डिसेंबर

घरी. टॉवरवर टॉवर, सगळ्यांवर झेंडे. देवदत्त विमानतळावर आला होता, "काय मग, जपान?" म्हटलं, खलास! पाय खलास, पैसे खलास, मेतकूट खलास. वेदांगने आईला बघून अर्धा इंच हसू दिलं. तिने त्याच्या केसांची वाट लावली. "मॉम, स्टॉप."

सुलक्षणा जाताना म्हणाली, "उद्या काही झालं तरी घाबरू नकोस हं. मी आहे." कमाल आहे. हे वाक्य माझं होतं!

बुधवार, ३ डिसेंबर, सकाळ

चार पाकिटं तयार. तिचं शेवटी, बारा वाजता. पाकीट उघडून ती म्हणेल, "अगं, मी तर परवाच दुसरी घेतली!" आणि मी आश्चर्याचा चेहरा करीन. आरशासमोर करून बघितला. बरा जमतो.

बुधवार, बाराला दहा कमी

पाकिटं चार नव्हती. पाचवं माझं.

"एचआरसुद्धा हेड ऑफिसला जातंय, मॅडम. आय ॲम सॉरी." हिशेबाच्या कागदावर खाली सुलक्षणाची बारीक सही. गुरुवारची तारीख. ज्याचं लेटर त्याच्या हातून करून घ्यायचं नाही!

केबिनबाहेर ती पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. "सही केली होती गं, सांगता येत नव्हतं. पण तू काळजी करू नकोस. मुसफ्फाला मी माझा नकार कळवलाय आणि तुझं नाव दिलंय. सोळा वर्षांचं सगळं लिहिलंय तुझ्याबद्दल. आत्ताच त्यांचा फोन आला, तुला उद्या बोलावलंय. तूच म्हणालीस ना, डोळे झाकून गेले असते?"

माझा व्हिसा देवदत्तच्या व्हिसावर आहे. मला कोणी कुठे पाठवणार नव्हतं. बुद्धाच्या पोटात मी एक वाक्य पुरं केलं असतं तर!

आता ती माझ्या खुर्चीत बसून माझे शेंगदाणे खातेय. तिचं पाकीट माझ्या टेबलावर, या वहीखाली आहे. विचारतेय, बारा वाजले की जेवायला बाकावरच जायचं ना?